जिल्हा जवळ आला. कारभार किती जवळ आला?

आपला शेतकरीवर्ग राज्यकारभाराविषयी बोलू लागला म्हणजे ते बोलणे बहुधा मुंबई-दिल्लीभोवती फिरते. परंतु परतीच्या पावसात आडवे झालेले भात, खोळंबलेली वारसनोंद, गुरांचा दवाखाना, पाड्यावरची शाळा आणि कालव्याचे पाणी, ह्या ज्या गोष्टींवर आपले बरेवाईट अवलंबून असते, त्यांपैकी बहुतेकांचा निकाल जिल्ह्याच्या ठिकाणी लागतो. म्हणून जिल्हा म्हणजे काय, तो कोण चालवितो आणि त्यात आपला शब्द किती चालतो, ह्याचा विचार प्रत्येक खातेदाराने करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसूल खात्यातील कारकुनीत गेले. त्या अनुभवास थोडे वाचन जोडून हा लेख लिहिला आहे. तुलनेसाठी युरोपच्या उत्तरेकडील स्वीडन देश घेतला आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

नवा जिल्हा

१ ऑगस्ट २०१४ रोजी जुन्या ठाणे जिल्ह्यातून पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडे हे आठ तालुके काढून महाराष्ट्राचा ३६ वा जिल्हा निर्माण झाला. १ ऑगस्ट हा महसुली वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी नवी खातेवही उघडावी तसा हा जिल्हा उघडला गेला. २०११ च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची वस्ती १ कोटी १० लक्षांवर गेली होती, आणि तो लोकसंख्येने हिंदुस्थानातील सर्वांत मोठा जिल्हा ठरला होता. त्यातील सुमारे ३० लक्ष माणसे पालघरच्या वाट्यास आली.

विभागणीपूर्वी डहाणू-तलासरीच्या माणसास जिल्ह्याच्या कचेरीत जाणे म्हणजे एक मोहीमच असे. शंभर किलोमीटरांहून अधिक पल्ला. त्यात आपण पश्चिम रेल्वेवर आणि ठाणे मध्य रेल्वेवर. दादरपर्यंत जाऊन गाडी बदलावी, पुन्हा उलट दिशेने ठाण्यास यावे, आणि साहेब दौऱ्यावर असल्यास तसेच परतावे. दिवसाची मजुरी बुडे ती वेगळीच. पालघरजवळ कोळगाव येथे सिडकोने जमिनीच्या मोबदल्यात जिल्ह्याचे मुख्यालय बांधिले व २०२१ साली ते खुले झाले. बोईसर, सफाळे, केळवे, डहाणू ह्या बाजूच्या लोकांचा हेलपाटा त्यामुळे खरोखरच कमी झाला. ही सोय लहान नव्हे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

परंतु कचेरी जवळ येणे ही एक गोष्ट आणि कारभार आपल्या हाती येणे ही दुसरी. ह्या दोहोंतील अंतर किती आहे, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

स्वीडनच का?

स्वीडनची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लक्ष, म्हणजे २०११ सालच्या अखंड ठाणे जिल्ह्याहून किंचित कमीच. जेवढ्या माणसांचा कारभार आपल्याकडे एका जिल्हाधिकाऱ्याच्या व एका जिल्हा परिषदेच्या नावे चाले, शहरांच्या महापालिका सोडल्या तर, तेवढ्याच माणसांसाठी त्या देशाने २१ प्रांत केले असून त्यांखाली २९० स्थानिक नगर-ग्राम संस्था आहेत. तेथील प्रांतास 'लेन' म्हणतात आणि स्थानिक संस्थेस 'कम्यून'. मुलूख मात्र आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. उत्तरेकडे अरण्य, बर्फ व विरळ वस्ती. दक्षिणेकडे गव्हा-बार्लीची शेते.

ह्या व्यवस्थेचा इतिहास आपल्या इतिहासाशी चमत्कारिक रीतीने जुळतो. १६३४ साली अक्सेल ऑक्सेनस्टिएर्ना ह्या मुत्सद्द्याच्या पुढाकाराने स्वीडनने देशाचे 'लेन' पाडले व प्रत्येकावर राजाचा एक सुभेदार नेमला. सारा वसूल करणे व शांतता राखणे हे त्याचे काम. आपल्याकडचा जिल्हाधिकारी म्हणजे हेच पद दुसऱ्या नावाने. पुढे १८६२ साली तेथे लोकनियुक्त प्रांतिक सभा व कम्यून स्थापन करण्याचे कायदे झाले. सुभेदार राहिला, पण त्याच्या शेजारी लोकांची सभा उभी राहिली.

आपल्याकडे गेल्या शतकाआधीच शेतसाऱ्यावर रुपयास एक आणा 'लोकल फंड' घेण्याची चाल पडली. लॉर्ड रिपन ह्यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चा लोकल बोर्डाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली बलवंतराय मेहता समितीने लोकसत्ताक विकेंद्रीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात त्या वेळचे महसूलमंत्री वसंतराव नाईक ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ साली आपला अहवाल दिला, आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. स्वीडनच्या प्रांतिक सभांच्या कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी! नाईक समितीने जिल्हाधिकाऱ्यास मुद्दाम परिषदेबाहेर ठेविले, हेतू हा की लोकांच्या सभेवर सरकारी अंमलदाराची छाया पडू नये.

दोन साखळ्या

म्हणजे दोन्ही देशांत जिल्ह्यात दोन साखळ्या लोंबतात. एक वरून खाली येणारी: सरकार, जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी व तलाठी, ज्यास अलीकडे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. दुसरी खालून वर जाणारी: ग्रामसभा, ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. सातबारा, फेरफार, बिनशेती, भूसंपादन हे पहिल्या साखळीचे काम. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना, लहान बंधारे, ग्रामीण रस्ते हे दुसरीचे.

शेतकऱ्याची अडचण येथूनच सुरू होते. कृषी खात्याचाच दाखला घ्या. पंचायत समितीत एक कृषी अधिकारी बसतो, तो जिल्हा परिषदेचा. तालुका कृषी अधिकारी निराळा, तो राज्य सरकारचा. विहिरीसाठी अनुसूचित जमातीच्या शेतकऱ्यास मिळणारी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना पहिल्याकडे. इतर कित्येक योजना दुसऱ्याकडे. दारे दोन, पाट्या सारख्या.

भाताचे नुकसान झाले म्हणजे पंचनाम्यावर तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक अशा तिघांच्या सह्या लागतात. हे तिघे तीन वेगवेगळ्या वरिष्ठांस जबाबदार. एकाची सही राहिली तर बाकीचे दोघे हात वर करतात, आणि खाचरात मोड आलेल्या लोंब्या घेऊन खातेदार तिघांच्या वाटेकडे डोळे लावून बसतो. हा दोष त्या तिघा नोकरांचा नव्हे. एकाच कामाची जबाबदारी तीन वेशींवर वाटली गेल्याचा आहे.

स्वीडनमध्येही साखळ्या दोन आहेत. तेथे शेतीची अनुदाने, जनावरांच्या पालनाची तपासणी व निसर्गसंरक्षण सरकारी सुभेदाराच्या कचेरीकडे. दवाखाने व प्रांतातील वाहतूक प्रांतिक सभेकडे. शाळा, वृद्धांची शुश्रूषा, पाणीपुरवठा व बांधकामाची आखणी कम्यूनकडे. फरक हा की एक काम बहुधा एकाच दारी असते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. तेथे प्रांतिक सभेचा मुख्य अधिकारी ती सभाच नेमते. आपल्या जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी राज्य सरकार नेमते आणि सरकारच त्याची बदली करते. अध्यक्ष लोकांनी निवडलेल्या सभासदांतून, पण लेखणी सरकारच्या हाती.

पैशाची गोष्ट

कारभाराचा खरा धनी कोण हे पाहावयाचे असल्यास तिजोरीची किल्ली कोणाकडे आहे ते पाहावे.

स्वीडनमध्ये प्राप्तीवरील मुख्य कर दिल्लीसारख्या राजधानीत जमा होऊन खाली झिरपत नाही. सामान्य माणसाच्या उत्पन्नावर सरासरी सुमारे ३२ टक्के स्थानिक कर बसतो. त्यांपैकी वीसच्या आसपास टक्के कम्यूनचे, बाकीचे प्रांतिक सभेचे. दर किती असावा हे त्या त्या सभा स्वतः ठरवितात. शिवाय श्रीमंत भागाकडून गरीब भागाकडे पैसा वळविण्याची कायदेशीर पद्धत आहे, त्यामुळे उत्तरेच्या अरण्यातील कम्यूनही शाळा चालवू शकते. तेथील करदात्यास दवाखाना बंद दिसला तर त्यास ठाऊक असते की आपला पैसा कोणी घेतला आणि मत कोणाविरुद्ध द्यावयाचे.

आपल्या शेतसाऱ्याच्या पावतीवर मूळ आकाराखाली जिल्हा परिषदेचा व ग्रामपंचायतीचा असे दोन उपकर असतात. जुन्या एका आण्याचे हे वारस. पण सारा स्वतःच इतका अल्प की त्यावरील उपकराने पाड्यावरच्या शाळेचे छप्परही शाकारता येणार नाही. जिल्हा परिषदेचा संसार चालतो तो मुख्यतः राज्य व केंद्राच्या अनुदानांवर, आणि त्यांतील बरेचसे अनुदान कोणत्या कामासाठी खर्चावे हे वरूनच बांधून आलेले असते. जिल्हा नियोजन समितीतही, जेथे चार-पंचमांश सभासद स्थानिक संस्थांचे निवडून यावेत असे घटनेत म्हटले आहे, अध्यक्षस्थानी पालकमंत्री असतात.

तथापि चित्र सर्वस्वी काळे नाही. २०२० नंतर १५ व्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ८० टक्के भाग ग्रामपंचायतींस, १० टक्के पंचायत समितीस व १० टक्के जिल्हा परिषदेस, अशी वाटणी महाराष्ट्रात झाली. आपला जिल्हा बहुतांशी अनुसूचित क्षेत्र असल्याने येथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यातील गावांना २०१५ च्या शासननिर्णयाने आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी थेट ग्रामपंचायतीत येऊ लागला, आणि तो कशावर खर्चावा हे ग्रामसभेने ठरवावयाचे आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यास असा आपला म्हणता येईल असा पैसा पूर्वी मिळत नव्हता.

तारापूर आणि ऑस्टहामार

आता बोईसर-तारापूरकडे वळू. एवढ्याशा मुलुखात किती धनी आहेत ते मोजावे. गावठाणाचा कारभार ग्रामपंचायतीकडे. २०११ च्या जनगणनेने बोईसरला नगर म्हणून मोजले तरी कारभार ग्रामपंचायतीचाच होता. औद्योगिक वसाहतीचे रस्ते, पाणी व बांधकामाच्या परवानग्या औद्योगिक विकास महामंडळाकडे. सांडपाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. तारापूरची अणुवीज १९६९ पासून, ती थेट केंद्राच्या अखत्यारीत. सूर्या धरणाचे पाणी राज्याच्या जलसंपदा खात्याकडे, आणि त्यातून वसई-विरार व मीरा-भाईंदरला रोज ४०३ दशलक्ष लिटर नेण्याची योजना मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. ज्या डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीसाठी कालवे काढले गेले, तेथील जिल्हा परिषदेचे मत ह्या पाण्याच्या वाटपात निर्णायक नाही. अणुकेंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथेच झाली. त्या बंदराचा निर्णयही जिल्ह्याच्या वरच्या पायरीवरच झाला. ह्या कामांची राष्ट्रास गरज आहे की नाही हा वाद येथे करावयाचा नाही. प्रश्न इतकाच की ज्याच्या अंगणात काम व्हावयाचे त्यास केव्हा व किती विचारावे.

ह्याचे एक उत्तर स्वीडनमध्ये सापडते. उप्साला प्रांतात ऑस्टहामार नावाची कम्यून आहे, वस्ती सुमारे २२ हजार, म्हणजे बोईसरहून लहान. तेथील फोर्समार्क गावी अणुवीज केंद्र आहे. वापरलेले अणुइंधन जमिनीखाली खडकात कायमचे पुरण्यासाठी कंपनीने २००९ साली तीच जागा निवडली. तेथील कायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडल्यास, कम्यूनच्या सभेने होकार दिल्यावाचून सरकार असे काम मंजूर करू शकत नाही. प्रकल्पाची छाननी करण्यासाठी कम्यूनला अणुकचरा निधीतून पैसाही मिळाला, त्यामुळे तिने आपले जाणकार ठेविले व कंपनीची कागदपत्रे तपासून घेतली. २०२० साली सभेने बहुमताने होकार दिला. सरकारची परवानगी त्यानंतर, जानेवारी २०२२ मध्ये आली.

नकाराचा अधिकार हाती असूनही तेथील लोकांनी होकार दिला, हे ध्यानात घ्यावे. ज्यास नाही म्हणता येते त्याचा होकार पक्का असतो. आपल्या पेसा कायद्यात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी अथवा पंचायतीशी विचारविनिमय करावा असे आहे. विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे. तरीही तो कायद्याने दिलेला हक्क आहे आणि ठरावाच्या वहीत तारखेसह उतरला तर न्यायालयातही दाखविता येतो.

सर्वच सोने नव्हे

वाचकांनी असा समज करून घेऊ नये की परदेशी सर्व सुखच आहे. स्वीडनच्या उत्तरेकडील सोलेफ्तेओ गावचा प्रसूतिविभाग प्रांतिक सभेने खर्च वाचविण्यासाठी २०१७ साली बंद केला. जवळचा विभाग शंभर किलोमीटरांपलीकडे. तेथील दोन सुइणींनी गर्भवती जोडप्यांना मोटारीतच बाळंतपण कसे करावे ह्याचे वर्ग घेतले! निर्णय लोकनियुक्त सभेचाच होता, स्वतःच्या कराच्या पैशातूनच होता, तरी अरण्यातली बाई वाऱ्यावर पडली. जिल्ह्याच्या सीमा कोठे घालाव्यात हेही त्यांस नीट सुटलेले नाही. शेजारच्या नॉर्वेने २०२० साली आपले १८ प्रांत जोडून ११ केले आणि लोक नाखूष होताच २०२४ साली पुन्हा तोडून १५ केले.

आपल्या जव्हार-मोखाड्याचे दुखणे हेच. जव्हार संस्थान १९४८ साली विलीन झाले. राजधानीचे गाव तालुक्याचे गाव बनले. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, तेव्हा कचेऱ्या डोंगराकडे सरकल्या. २०१४ मध्ये जिल्हा झाला, तरी मोखाड्याच्या माणसास पालघर दूरच, त्र्यंबक-नाशिक जवळचे. जेथे रस्ता पोहोचत नाही त्या पाड्यावरून आजारी बाईस डोलीत घालून आणावे लागते. तेथे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे असो वा पालघर, तिला काय त्याचे? म्हणून सीमा लहान केल्याने काम भागत नाही. सर्वांत दूरच्या पाड्याचा माणूस सभेत बसतो की नाही, आणि त्याचे म्हणणे लिहिले जाते की नाही, हे पाहावे लागते.

निवडणुकीचा दिवस

शेवटी एक गोष्ट, जिच्यावर बाकीच्या सर्व अवलंबून आहेत. स्वीडनमध्ये देशाची, प्रांताची व कम्यूनची निवडणूक दर चार वर्षांनी सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी एकाच दिवशी होते. २०२२ साली ती ११ सप्टेंबरला झाली. हा दिवस पंचांगातील सणासारखा ठरलेला. सरकारची सोय पाहून तो पुढे ढकलला जात नाही.

आपल्या घटनेतही मुदत पाच वर्षांची आहे व ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे आहे. पालघर जिल्हा परिषदेची पहिली निवडणूक २०१५ च्या आरंभी, दुसरी जानेवारी २०२० मध्ये, ५७ जागांसाठी झाली. परंतु मार्च २०२२ पासून महाराष्ट्रातील बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपत गेल्या, आरक्षणाचे वाद न्यायालयात राहिले, आणि वर्षानुवर्षे कारभार प्रशासकांनी चालविला. प्रशासक कितीही सचोटीचा असला तरी तो वरच्या साखळीचा माणूस. नाईक समितीने ज्या अंमलदारी छायेस दाराबाहेर ठेविले, ती अशा वेळी मागच्या दाराने आत येते. खंडलेल्या कुळाप्रमाणे मग गावाने कोणाकडे दाद मागावी?

आपण काय करावे

कायदे बदलणे आपल्या हाती नाही. आहेत ते वापरणे मात्र आहे. महाराष्ट्रात वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात, आणि पेसा गावात प्रत्येक पाडा आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो. पुढील सभेस खातेदारांनी तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली, ग्रामपंचायत विकास आराखड्यात आपल्या पाड्याचे कोणते काम घेतले आहे व त्यास किती रक्कम धरली आहे. दुसरी, वित्त आयोगाचा व पेसाचा पैसा किती आला, किती खर्चला. तिसरी, पंचनाम्यावर सही करणारे तिघे नोकर गावात कोणत्या वारी भेटतील. ते वार भिंतीवर लिहून ठेवावेत. उत्तरे तोंडी घेऊ नयेत, इतिवृत्तात उतरवून घ्यावीत. न दिल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. स्वीडनने सरकारी दप्तर पाहण्याचा असा हक्क आपल्या लोकांस १७६६ सालीच दिला.

सभेस गणपूर्ती नसली की ती तहकूब होते आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट राहत नाही. मग चार माणसांच्या सह्यांनी गावाचे वर्षाचे काम ठरते. चिकूच्या वाडीत किंवा भाताच्या खाचरात त्या दिवशी कितीही काम असो, घरातील एका माणसाने, आणि शक्य तर घरातील बाईनेही, त्या सभेस जाऊन बसावे.